तिसरीच्या वर्गाची पाणी परिषद

स्नेहसंमेलनात तिसरीची मुलं जागतिक पाणी परिषद भरवणार होती. राजनंदिनीच्या वाट्याला नदीच्या वरल्या अंगाचा देश आला होता. लेक स्टेजवर अडखळेल या धास्तीनं उज्ज्वलानं आठवडाभर तिच्याकडून भाषण घोटून घेतलं : पाणी साऱ्या जगाचं आहे, शेजाऱ्यांशी बोलून वाटून घेऊ.

भाषण फक्कड झालं. उज्ज्वलाच्या मळ्याशेजारी शेळ्या राखणारी चतुराबाई त्याच वर्गातल्या आपल्या नातीचं काम बघायला आली होती. तीही टाळ्या पिटत उज्ज्वलाला म्हणाली, "सूनबाई, लेक लई गुणाची हाय तुमची!"

मग वर्गाच्या बाईंनी पाठांतराबाहेरचा प्रश्न टाकला, "खालच्या देशातली माणसं हंडे घेऊन तुमच्या दारात आली, तर काय सांगाल?"

राजनंदिनीनं ठणकावून सांगितलं, "मोटर जळालीय म्हणायचं. ते गेले की मग चालू करायची."

सारा मांडव खो-खो हसला. उज्ज्वलाला मान वर करवेना. चतुराबाई तेवढी हसली नाही. कनवटीचा मोबाईल काढत ती हळूच म्हणाली,

 

"आमच्या सोमनाथला माघारी बोलवते, सूनबाई. तुमची जळालेली मोटर दुरुस्त कराय सकाळीच मळ्यात धाडलाय त्याला."