जागेबरोबर मुलगी

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा गेझाचे दोन्ही हात ऑर्गनवर होते आणि दोन्ही पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर. उठून पळायची सोय नव्हती. खाली चर्चमध्ये चारशे माणसं पहिल्या स्तोत्राची वाट बघत बसली होती. सूर थांबले असते तर चारशे माना वर वळल्या असत्या.

"कोण येतंय गं?" शेजारून बाबांनी कुजबुजत विचारलं.

बाबांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. जानेवारीत तो लुळा पडला. गावाला संधिवात सांगितला, आणि तेव्हापासून दर रविवारी हिनरिक टोर्मेलेन यांच्या नावावर त्यांची मुलगी वाजवत होती. सज्ज्याच्या कठड्यावर नळ्यांची मोठी पेटी उभी असल्यामुळे खालून कोणाला काही दिसत नसे. ठाऊक होतं ते फक्त म्हाताऱ्या टेवेसला, कारण ऑर्गनचे भाते तो दाबायचा. बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवते हे पंचांना कळलं असतं तर बाबांची नोकरी त्याच दिवशी गेली असती. नोकरीबरोबर राहतं घरही गेलं असतं.

पावलं वर आली. तो योस्ट होता, बाबांच्या जागेसाठी आलेला उमेदवार.

त्या बंदराच्या गावात एक रीत होती. ऑर्गनवादकाची जागा हवी, तर म्हाताऱ्याची मुलगीही करून घ्यायची. म्हणजे म्हाताऱ्याला आणि मुलीला पोसायची पाळी पंचांवर येत नाही. पंच मोठे हुशार! गेझा तेहतीस वर्षांची होती आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. याआधी दोघं आले, जेवले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काळोख पडायच्या आत गाव सोडून गेले. योस्टने काल परीक्षा दिली होती. नियमाला धरून, एकही सूर न चुकता. पंच खूश झाले, तर हा म्हणाला, "उद्या म्हातारबुवांचं ऐकतो, मग सांगतो." रात्री जेवताना त्याने ताटातल्या हेरिंग माशावरून नजर वर केली नव्हती.

आता मात्र तो टक लावून पाहत होता. तिच्या हातांकडे, मग पायांकडे. पट्ट्या नीट दाबता याव्यात म्हणून तिने घागरा गुडघ्यापर्यंत खोचला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीतीने पाय घसरला आणि भलत्याच पट्टीवर पडला. खर्जातला एक सूर घुमला, जो तिथे असायलाच नको होता. बाबांनी डोळे मिटून घेतले. पाय उचलावा तर चूक चारशे माणसांना कळणार. तिने तो उचललाच नाही. त्या चुकीच्या सुरावर ती वरचे सूर रचत गेली, एकेक करत, आणि घामाघूम होऊन कशीबशी मूळ सुरावर परत आली. खाली लोक गायला लागले.

मग प्रवचन सुरू झालं. योस्ट अजून तिथेच उभा होता.

"हे कोणी शिकवलं?" त्याने हळूच विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही. तुमच्या पिढीत असं कोणी वाजवत नाही. माझ्याही नाही." तो पायपट्ट्यांकडे बघतच बोलत होता. "दोन दिवस चालत आलोय मी. आमच्याकडे बोलतात, टोर्मेलेन म्हातारा सहा महिन्यांपासून काहीतरी नवंच वाजवायला लागलाय. या वयात याला सुचतं कसं, ते बघायला आलो होतो."

बाबा हात जोडायला गेले, पण एकच हात वर आला.

"मुलगी नको तर नको म्हण. पण खाली काही बोलू नकोस रे!"

योस्ट जिना उतरला. गेझाने नळ्यांच्या फटीतून पाहिलं. तो पंचांच्या बाकापाशी गेला, मुख्य पंच ब्रामश्टेट यांच्या कानाला लागला. ब्रामश्टेटनी चमकून सज्ज्याकडे पाहिलं. मग बाकीच्या पंचांनीही पाहिलं.

"आटोपलं," टेवेस भात्यांमागून म्हणाला. "तुमचं एक ठीक, पण मी कुठे जाऊ? भाते दाबण्यापलीकडे मला काय येतं?"

शेवटचं स्तोत्र तिने कसं वाजवलं ते तिचं तिला ठाऊक. ते संपतं न संपतं तोच जिना करकरला. घागरा खाली सोडून ती बाबांच्या पायाशी जाऊन बसली. धापा टाकत ब्रामश्टेट वर आले.

"टोर्मेलेन, सुटलात! पोरगा तयार आहे. घर कबूल, तुम्ही कबूल, गेझाही कबूल. फक्त एक खुळचट अट आहे त्याची. वाजवताना वर कोणी आलेलं चालत नाही म्हणतो. बायको आणि भातेवाला, बास. जिन्याला दार करून कडी बसवून द्या म्हणे."

गेझाने मान वर केली.

"कडी... बाहेरून?"

"बाहेरून कशाला, पोरी? आतून."