चौथी प्लेट

जीवाणू वाढवायच्या दुसऱ्या प्लेटमध्ये काहीही उगवलं नव्हतं. संशोधिकेने ती उजेडाकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. एक ठिपका असेल तर शपथ. इतरांच्या प्लेटा रिकाम्या निघाल्या की त्यांची तोंडं उतरतात. हिचा चेहरा उजळला होता.

"रिकामी आहे, ताई," ती शेजारी उभ्या असलेल्या नणंदेला म्हणाली.

नणंद इस्पितळात संसर्गाच्या वॉर्डाची सिस्टर. रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट भावजयीच्या प्रयोगशाळेत आली होती. जीवाणूंशी तिचं जुनं वैर. एका रोग्याच्या अंगातला जीवाणू औषधाला दाद देईनासा झाला की बघता बघता बाकीच्या जीवाणूंनाही ती विद्या येते, कारण औषधाला पुरून उरायचं जनुक एक पेशी दुसरीला देऊन टाकते. मग डॉक्टर औषधं बदलत राहतात आणि सिस्टर नातेवाइकांची नजर चुकवत राहते.

भावजयीचं म्हणणं असं, की जीवाणू काही एवढे दानशूर नव्हेत. जिच्याकडे जनुक नाही ती पेशी एक रेणू सोडते. ती तिची हाक. हाक ऐकू आली तरच देणारी पेशी तिला जाऊन चिकटते आणि जनुक देते. एरवी देणारी स्वतःच दुसरा एक रेणू सोडून ती हाक दाबून ठेवते, उगाच भलतीकडे हात सैल सुटायला नको म्हणून. हा दाबणारा रेणू आपणच भरपूर घातला, तर हाक पोचणारच नाही आणि जनुक जागच्या जागी राहील. ऐकायला सोपं. सिद्ध करता करता वर्षं गेली होती आणि विभागप्रमुखांचा धीर सुटला होता. आज जमलं नाही तर तिचं कामाचं टेबल दुसऱ्या गटाला देऊन टाकणार, असं त्यांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं.

ते आलेच. तिने पहिली प्लेट दाखवली. प्लेटमध्ये औषधं अशी घातली होती, की देणारीही मरावी आणि नव्याने जनुक मिळालेली पेशीच जगावी. रेणू न घातलेल्या जीवाणूंनी ती काठोकाठ भरून टाकली होती, म्हणजे देवाणघेवाण जोरात झाली होती. दुसरीत औषधं तीच, जीवाणू तेच, फक्त त्यांच्यात रेणू मिसळलेला. ती स्वच्छ.

"रिकामी प्लेट तर मीही करून दाखवतो," प्रमुख म्हणाले. "जीवाणू घालायला विसरलं की झालं."

तिने तिसरी पुढे केली. दुसरीतलंच मिश्रण, पण बिनऔषधाच्या प्लेटवर. देणाऱ्यांचे पांढरे ठिपके आणि घेणाऱ्यांचे पिवळे, दाटीवाटीने, खुशाल नांदत होते. कुणी विसरलं नव्हतं आणि कुणी मेलं नव्हतं.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. जिवंत आहेत हे त्यांना मान्य होतं. पण रेणूने त्यांना कायमचं अधू केलं असेल, मग त्यात हाक कसली आणि ऐकणं कसलं, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. तिलाही तो पडला होता, म्हणूनच चौथी प्लेट होती. रेणू पाजलेले तेच जीवाणू धुऊन काढायचे, पुन्हा एकत्र सोडायचे आणि औषधाच्या प्लेटवर पसरायचे. ही भरलेली निघाली तर पेशी धडधाकट होत्या, फक्त हाक अडली होती. रिकामी निघाली तर प्रमुख खरे आणि टेबल गेलं.

ती अजून इन्क्युबेटरच्या उबेत होती, पालथी. संशोधिकेने हात पुढे नेला आणि मागे घेतला.

"हो बाजूला," नणंद म्हणाली आणि तिने हातमोजे चढवले. "मी रोज लोकांचे रिपोर्ट उघडते. मला कुणी विचारतं का, धीर आहे का म्हणून?"

तिने प्लेट बाहेर काढली आणि सुलटी केली.

प्लेट गच्च भरली होती.

प्रमुखांनी चष्मा खाली घेतला आणि प्लेट खिडकीपाशी नेली. मग खालच्या कप्प्यातले त्याच प्रयोगाचे बाकीचे संच त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक करून काढले. भरलेली, रिकामी, भरलेली, भरलेली. पुन्हा तेच. शेवटच्या संचातही तेच. चूक शोधायला आलेला माणूस आता चूक सापडू नये म्हणून शोधत होता, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"टेबल तुझंच," ते म्हणाले. "शेजारचंही घे. लागेल."

ते गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. इतका आनंद तिला पहिला पगार झाला तेव्हाही झाला नव्हता. नणंदेने तिच्या पाठीवरून हात फिरवला, स्वतःचे डोळे बाहीला पुसले आणि घरी फोन लावला. सासूबाई सकाळपासून फोनपाशी बसून होत्या.

"आई, हिच्या दुसऱ्या प्लेटमध्ये काही म्हणजे काहीही उगवलं नाही," ती म्हणाली आणि तिचा आवाज भरून आला.

पलीकडून सासूबाई लेकीचीच समजूत घालू लागल्या. सुनेला म्हणावं मनाला लावून घेऊ नकोस, आधी दोन घास खाऊन घे, पुढच्या वेळी नक्की उगवेल.

"असं अशुभ बोलू नकोस गं," सिस्टर म्हणाली.