पाटावरची हजेरी

चर्चची घंटा वाजवून एउफेमिया आजी पायरीवर उभी राहिली आणि एकेका घराचं नाव पुकारू लागली. सोरियाच्या डोंगरातल्या या स्पॅनिश गावात आता ती एकटीच राहत होती. शिरगणतीला आलेला कारकून ऐकत होता.

"पाण्याचा पाट उपसायला घरटी एक माणूस येतो," तिने त्याला सांगितलं. "प्रत्येकाच्या वाट्याला दहा पावलं."

प्रत्येक नावानंतर ती जरा थांबायची, मग मान डोलवायची. एका नावाला मात्र बराच वेळ थांबूनही तिने मान डोलवली नाही.

कारकुनाने कागदावर 'लोकसंख्या एक' असं लिहिलं. म्हातारीची दया येऊन तो फावडं घेऊन तिच्याबरोबर निघाला. पाहतो तर पाट आधीच उपसलेला. काठावर ताज्या गाळाचे ओले ढीग. मधली दहा पावलं तेवढी गवताने बुजलेली.

"आजी, हा वाटा कुणाचा?"

"एलादियोचा. तरुणपणीच बार्सिलोनाला गिरणीत गेला, तो तिकडचाच झाला." तिने कारकुनाच्या हातातलं फावडं घेतलं. "तो अजून जिवंत आहे, बाळा. तो कसा येणार?"