पाच मिनिटांची मुदत

सकाळी सर्व्हरची एकच सेटिंग बदलली आणि हेमांगीचा जीव भांड्यात पडला. शहरात बसून दूरगावी शस्त्रक्रिया करणारी ही सर्जन मंडळी काम संपलं तरी लॉगआउट करायची नाहीत. सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता. आता पाच मिनिटं हालचाल दिसली नाही, की सेशन बंद. तिकडचा यंत्रहात आपोआप उघडून मागे.

दुपारी ती चहाचा कप घेऊन डॉक्टर मुजावरांच्या खोलीत शिरली. यंत्रहात चालवणाऱ्या हातमोज्यातली मूठ आवळून ते पडद्याकडे एकटक बघत बसले होते.

“काय डॉक्टर, डुलकी लागली वाटतं?”

“हळू बोला, हेमांगीताई,” मान न वळवता ते पुटपुटले. “डोंगरापलीकडच्या दवाखान्यात एका बाळंतिणीची फुटलेली शीर दाबून धरलीय. नर्स रक्ताची पिशवी आणायला धावलीय. ती येईपर्यंत मला हलायची सोय नाही. पंधरा मिनिटं झाली बघा.”

हेमांगीने पडद्याकडे पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ दहा मिनिटांपूर्वीच थांबलं होतं.

तिच्या हातातला कप खाली पडून खळ्ळकन फुटला. डॉक्टरांची मूठ मात्र जराही ढळली नाही.