काळी पाचच्या किंचित वर

"नारळ मशीनसमोर फोडतात का?" मी भडकलोच. शिकागोतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी हौसेनं नारळ वाढवला आणि पाणी नेमकं कुंदाताईंच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात गेलं. ओलं यंत्र चालू करणं धोक्याचं. समोर सभागृह भरलेलं आणि ताईंच्या सोबतीला उरला फक्त माझा तबला.

पुण्याच्या यंत्राला अमेरिकेची वीज कमी पडते, म्हणून दाब वाढवून देणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर मी सोबत आणला होता. तो तेवढा दूर असल्यानं कोरडा राहून घूं करत होता. बंद करायला वाकलो, तर ताईंनी माझा हात धरला.

"थांब रे. हा सूर धरून बसलाय."

त्यांनी एक माईक त्याच्याजवळ सरकवला. पेटीच्या काळी पाचच्या किंचित वर! मी हातोडी घेऊन तबला तिथवर चढवला. आपल्या नेहमीच्या पट्टीच्या वर, साठीच्या गळ्यानं, ताई गात राहिल्या आणि तो सूर केसभरही हलला नाही.

लोक गेल्यावर मी प्लग काढला. सूर थांबेना; तो यंत्राचा नव्हता, इथल्या विजेचाच होता. दिव्यांतून येत होता, चहाच्या टेबलामागच्या फ्रिजमधून येत होता, भिंतींतून येत होता. ताईंनी हात जोडले.

"अरे, यांचा अख्खा मुलूख एकाच षड्जावर लावलाय!"