गाऱ्हाण्यातलं नाव

काळकाईपुढे मांडलेल्या नारळांत बयाबाईचा नारळ तिसरा होता, आणि गोमाजी गुरवाने पहिला फोडलासुद्धा होता.

देवळाच्या कट्ट्यावर कस्टमचे दिघेसाहेब बूट काढून तळव्याचा फोड बघत बसले होते. जीप खाली उमरठला ठेवून दोन शिपायांसह ते डोंगर चढून आले होते. परदेशी शिक्क्याचं सोनं दुबईहून गलबतात चढलं, दासगावच्या खाडीत उतरलं आणि तिथून याच अंगाला आलं, एवढी पक्की खबर त्यांच्याकडे होती. त्यासाठी तिकडचे पोलीस आणि इकडचे पोलीस एकमेकांना तारा करत होते. आणि वाडीने मात्र सकाळपासून साहेबांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. प्रत्येक घरात एकच उत्तर, "आमाला काय ठावं नाय."

बयाबाईनेही तेच सांगितलं होतं, पण सांगताना तिने साहेबांकडे पाहिलं नव्हतं. साहेब कशाच्या शोधात आलेत हे ऐकेपर्यंत तिला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. तिचा महिपत मुंबईच्या गोदीत कामाला. परवा तो दासगावहून एक जडशीळ गाठोडं घेऊन घरी आला. "शेठची ठेव हाय आये, कोणाला सांगू नको," एवढंच म्हणाला. परक्याची ठेव म्हणजे पदरातला निखारा. बयाबाईचा डोळ्याला डोळा लागेना. म्हणून भल्या पहाटे, साहेबांचा पत्ताही नव्हता तेव्हा, तिने देवीपुढे नारळ ठेवला आणि गुरवाला सगळं सांगून मोकळी झाली. कोणाला सांगू नको, यात देवीही आली, हे त्या बिचारीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आता तो नारळ मागे घेता येत नव्हता. देवीपुढे ठेवलेला नारळ उचलून घरी नेईल असं माणूस वाडीत अजून जन्मायचं होतं. आणि गाऱ्हाणं ही काही कानात सांगायची गोष्ट नव्हे. गुरव मोठ्याने बोलणार, वाडी मोठ्याने हो म्हणणार. त्यात खोटं चालत नाही आणि अर्धं तर मुळीच चालत नाही.

दुसरा नारळ फुटला.

"आये, थांबव त्याला," खांबाआडून महिपत कुजबुजला. "तुरुंगात जाईन मी."

गोमाजीने तिसरा नारळ हातात घेतला. आधी साहेबांकडे पाहिलं, मग बयाबाईकडे. "घालू ना गो?"

बयाबाईने मुलाकडे पाहिलं. लहानपणी तापाने फणफणलेला हाच पोर तिने याच उंबऱ्यावर आणून घातला होता आणि इथूनच जिवंत उचलून नेला होता. साहेबांशी खोटं बोलताना नुसती नजर चुकवली होती. इथे खोट्याला जीभच उचलेना.

"घाल," ती म्हणाली.

"बाय काळकाई!" गोमाजीने आवाज चढवला. "ही बयाबाई तुज्या पायाशी उभी हाय. तिच्या म्हयपतीनं शेठची ठेव आणलीय. गोठ्यात गव्हाणीखाली पुरलीय. परक्याची वस्त हाय, तिला धक्का लागू देव नको. लेकराला राख!"

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीने गरजली आणि मग साऱ्या वाडीने जीभ चावली.

"आणि ज्याची ठेव हाय तो शेठ..." गोमाजी अडला. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव आणि गाव लागतंच. "काय रे म्हयपती, शेठचं नाव काय?"

दिघेसाहेब एका पायात बूट चढवून उभे राहिले होते. तेही थबकले. कितीतरी माणसं पकडून त्यांनी हाच प्रश्न विचारला होता.

"ठावं नाय," महिपत म्हणाला. "कदी बगितलाच नाय मी त्याला. दासगावला एक माणूस गाठोडं देतो. त्यालाबी ठावं नाय."

"नाव सांग," साहेब पुढे आले. "मी तुझ्यासाठी शब्द टाकीन. सुटशील."

महिपतच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळकाईच्यान, साहेब. ठावं असतं तर आत्ता सांगितलं असतं."

देवीच्या दारात कुणीच त्यावर शंका घेतली नाही. साहेबांनीही नाही.

गव्हाणीखालून गाठोडं निघालं. महिपतचे हात बांधले. "कोणाला सांगू नको म्हटलेलं ना आये?" तो म्हणाला.

"कोणाला सांगितलं रे?" बयाबाई रडत म्हणाली. "देवीलाच सांगितलं."

निघताना दिघेसाहेब देवळापाशी थांबले. कुणाकडून तरी एक नारळ घेतला आणि गुरवापुढे धरला. "एक गाऱ्हाणं माझंही घाला. तो शेठ सापडू दे म्हणावं."

गोमाजीने नारळ घेतला. "नाव?"

"तेच तर नाही ठाऊक."

"मग गाव?"

"मुंबई असेल, दुबई असेल. त्याच्याही पलीकडचं एखादं असेल."

नारळ अजून देवीपुढे ठेवला नव्हता. गोमाजीने तो साहेबांच्या हातात परत दिला. "नावगावाबिगर देवीनं तरी धरायचं कोणाला, साहेब?"

साहेब नारळ घेऊन डोंगर उतरू लागले. पुढे दोन शिपायांच्या मधे महिपत चालला होता. मागे देवळापाशी उभी राहून बयाबाई हाका मारत होती, एकसारखी, त्याचं नाव घेऊन.