नवीन बांधकाम

बायको पायऱ्यांवरून पडली आणि गेली, हा फोन केरबाला आला तेव्हा तो नगरपालिकेत चौथ्यांदा रांगेत उभा होता. तिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी दारातल्या तीन पायऱ्या फोडून उतार करायचा होता. पण परवानगी आल्याशिवाय पहार लावायची नाही, असं त्यानंच ठरवलं होतं.

तेरावं झाल्यावर तो अर्ज मागे घ्यायला गेला. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला.

"काका, 'नवीन बांधकाम' कशाला लिहिलंत? ही तर दुरुस्ती. हिला परवानगी लागतच नाही."

केरबा खिडकीशी वाकला. "नक्की?"

"नक्की."

"आमची मंडळी हेच म्हणत होती, दुरुस्तीच आहे ही. मीच तिला म्हटलं, तुला काय कळतंय?"

बाईंनी अर्ज परत दिला. केरबा तीन पायऱ्या चढून घरात गेला. उतार करायचा राहिलाच.